कॅमेरा लावा, पण क्रीजच्या रेषेत

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या क्रिकेट मंडळाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "भातकापणी आटोपली की दरवर्षी आम्ही सड्यावरच्या, म्हणजे डोंगरपठारावरच्या, मैदानात लेदर बॉलची स्पर्धा घेतो. यंदा सामने यूट्यूबवर थेट दाखवणार आहोत, त्यासाठी दोन कॅमेरे भाड्याने आणतोय. काही संघांचं म्हणणं, कॅमेरे आहेतच तर प्रत्येक डावात दोन रिव्ह्यू द्या, म्हणजे अंपायरचा निर्णय दोनदा कॅमेऱ्यावर तपासून मागू द्या. मंडळात दोन तट पडलेत. जुनी माणसं म्हणतात, अंपायरचा शब्द शेवटचा. पोरं म्हणतात, टीव्हीवर चालतं ते इथे का नको? तुम्ही इतकी वर्षं पंच म्हणून उभे राहिलात, तुम्हीच सांगा."

माझे उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून. तंत्रज्ञान जरूर वापरा. धावबाद आणि यष्टिचीत यांसाठी वापरा. पायचीत, यष्टिमागचा झेल आणि जमिनीलगतचा झेल यांसाठी तुमच्या दोन कॅमेऱ्यांचा उपयोग करू नका. आणि रिव्ह्यू मागायचा हक्क संघांना न देता मैदानावरच्या अंपायरला द्या.

मी गणिताचा मास्तर. शाळा सुटली की शनिवार-रविवार पांढरा कोट घालून मैदानावर, असे २७ वर्षे केले. बार्देश, डिचोली, सत्तरी, फोंडा, मिळेल तिथे उभा राहिलो. मॅटिंगवर राहिलो, टर्फवर राहिलो. या काळात दिलेले बहुतेक निर्णय विसरलो आहे. एक विसरलेलो नाही.

१९ वर्षांखालच्या मुलांचा निवडीचा सामना होता. एक मुलगा ४३ वर खेळत होता, फार सुरेख खेळत होता. ऑफस्पिनरचा चेंडू आत वळला, मुलाने पुढचा पाय टाकून बॅट आणली, चेंडू पॅडवर आदळला आणि नऊ जणांनी एकदम गळा काढला. मला चेंडू मधल्या यष्टीवर जाताना दिसला. मी बोट वर केले. मुलाने आधी बॅटकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि एक शब्द न बोलता चालू लागला. संध्याकाळी यष्ट्या उपटून पिशवीत भरत होतो तेव्हा क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा यष्टिरक्षक जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, बॅट लागलेली. मला आवाज आलेला." मी त्या मुलाला शोधून काढले आणि बॅट मागितली. आतल्या कडेवर, खालून चार बोटांवर, चेंडूच्या लाल रंगाचा ताजा ठसा होता. चिंचेच्या बोटुकाएवढा.

त्या मुलाची निवड झाली नाही. पुढच्या सामन्यांतही धावा झाल्या नाहीत म्हणून झाली नाही, हे खरे. पण त्या दिवशी ४३ चे ८० झाले असते तर पुढचे सामने त्याने वेगळ्या मनाने खेळले असते, हेही खरे. त्या क्षणी कोणी मला म्हणाले असते, "सर, एकदा मागे जाऊन बघूया का?" तर मी हात जोडून हो म्हटले असते. म्हणून 'चुका हा खेळाचाच भाग आहे' असे कोणी सहज म्हणाले की मला ते पटत नाही. ज्याच्या वाट्याला चूक आली त्याला विचारा.

तुमच्या मंडळातल्या वडीलधाऱ्यांना मी आदराने सांगेन, अंपायरचा शब्द शेवटचा हे बरोबर, पण तो पहिल्याच श्वासात शेवटचा व्हावा असे क्रिकेटचा कायदा कधीच म्हणत नव्हता. दिलेला निर्णय अंपायर स्वतः बदलू शकतो, फक्त ते तत्काळ झाले पाहिजे. ज्या गोष्टीत दुसऱ्या अंपायरला जास्त चांगले दिसले असेल त्या गोष्टीत त्याला विचारता येते. क्षेत्ररक्षण करणारा कर्णधार अंपायरच्या संमतीने अपील मागे घेऊ शकतो. १९८० साली वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत बॉब टेलरला यष्टिमागे झेलबाद दिले होते. कर्णधार होता गुंडाप्पा विश्वनाथ. चेंडू बॅटला लागलेला नाही असे त्याला वाटले, त्याने अंपायरशी बोलून टेलरला परत बोलावले. पुढे टेलर आणि बोथम यांनी मोठी भागीदारी केली आणि आपण सामना १० गड्यांनी हरलो. तरी विश्वनाथचे नाव घेताना लोक तो पराभव आठवत नाहीत. तेव्हा निर्णय पुन्हा तपासणे ही टीव्हीवाल्यांनी आणलेली नवी खोड नव्हे. तपासायचे साधन तेवढे नवे आहे.

ते साधन आले कसे, ते पाहिले तर माझा सल्ला समजायला सोपा जाईल. नोव्हेंबर १९९२, डर्बन, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. तिसऱ्या अंपायरने टीव्हीवर पाहून बाद दिलेला कसोटीतला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर, तोही धावबाद. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. निर्णय रेषेचा होता, बॅट आत की बाहेर एवढाच. आणि मागे जाऊन बघा असे सांगितले ते मैदानावरच्या अंपायरने, कर्णधाराने नव्हे. तंत्रज्ञान क्रिकेटमध्ये शिरले ते या दारातून, आणि या दाराविषयी आजवर कोणी गंभीर तक्रार केलेली मला माहीत नाही.

भांडण पुढच्या दाराचे आहे. जानेवारी २००८ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची सिडनी कसोटी आठवत असेल. अँड्र्यू सायमंड्स ३० वर असताना चेंडू त्याच्या बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाकडे गेला, आवाज घराघरांत टीव्हीवर ऐकू आला, अंपायर स्टीव्ह बकनर यांनी नाबाद दिले. सायमंड्सने नाबाद १६२ केल्या. आपण हरलो. त्या सामन्यात एवढे रण माजले की पुढच्या कसोटीत बकनर उभे राहिले नाहीत. त्याच वर्षी श्रीलंकेतल्या आपल्या मालिकेत खेळाडूंना रिव्ह्यू मागता येईल अशी पद्धत पहिल्यांदा चाचणीला घेतली. त्यात आपले बहुतेक रिव्ह्यू फुकट गेले आणि भारतीय क्रिकेट मंडळाचे मन त्यावरून जे उडाले ते बरीच वर्षे जागेवर आले नाही. २००९ च्या नोव्हेंबरात डीआरएस, म्हणजे खेळाडूंनी रिव्ह्यू मागायची हीच पद्धत, कसोटीत रीतसर आले. आपण आपल्या मालिकांसाठी ते खऱ्या अर्थाने स्वीकारले २०१६ मध्ये, इंग्लंड इथे आले तेव्हा, राजकोटपासून.

मधल्या वर्षांत आपण म्हणत होतो की यंत्रावर विश्वास नाही. लोक तेव्हा हसले. मला त्यात थोडे तथ्य दिसत होते, आणि तुमच्या प्रश्नाचे मूळही तिथेच आहे.

पायचीतचा रिव्ह्यू टीव्हीवर दिसतो तेव्हा चेंडूची जी रंगीत रेघ निघते तिचे दोन तुकडे असतात. गोलंदाजाच्या हातापासून पॅडपर्यंतचा तुकडा मोजलेला असतो. मैदानाभोवती उंचावर बसवलेले अनेक कॅमेरे सेकंदाला शेकडो चित्रे घेतात, प्रत्येक चित्रात चेंडू कुठे आहे ते काढतात, वेगवेगळ्या कोनांतून मिळालेले ठिकाण जुळवतात. पॅडपासून यष्ट्यांपर्यंतचा तुकडा मात्र घडलेलाच नसतो. तो गणिताने पुढे ओढलेला असतो. गणिताचा मास्तर म्हणून सांगतो, ओढलेल्या रेघेत चूक किती हे मागे किती बिंदू मिळाले त्यावर ठरते. चेंडू टप्पा पडून दोन मीटर आला आणि मग पॅडवर लागला तर बिंदू भरपूर. यॉर्करसारखा टप्पा पडल्या पडल्या पॅडवर लागला तर बिंदू थोडे. पुढे अंतर किती उरले आहे हेही महत्त्वाचे. फलंदाज खूप पुढे आला असेल तर ओढायची रेघ लांब आणि चूक मोठी.

म्हणूनच 'अंपायर्स कॉल' आहे. पोरांना याचा सगळ्यात जास्त राग येतो. "सर, बॉल स्टंपला लागतोय दिसतंय, आणि नॉटआउट?" हा प्रश्न मला चवथीच्या दिवसांत आरतीला गेलो तरी विचारतात. उत्तर असे आहे. चेंडूचा व्यास साधारण ७.२ सेंटीमीटर. अंपायरने नाबाद दिलेले असेल तर तो निर्णय फिरवायला निम्म्याहून जास्त चेंडू, म्हणजे साडेतीन सेंटीमीटरच्या वर, यष्ट्यांच्या पट्ट्यात यायला हवा. नुसती कड घासत असेल तर यंत्र म्हणते, एवढ्या बारीक गोष्टीत माझीही खात्री नाही, मैदानावर उभ्या असलेल्या माणसाने जे दिले ते राहू द्या. यंत्राने स्वतःची मर्यादा ओळखून एक पाऊल मागे घेतले आहे. याहून प्रामाणिक नियम मी क्रिकेटमध्ये पाहिलेला नाही. पूर्वी यात रिव्ह्यू गमावला जाई. २०१७ पासून अंपायर्स कॉल आला तर रिव्ह्यू संघाकडेच राहतो, तेही योग्य झाले.

२०११ च्या विश्वचषकात बंगळूरला इंग्लंडविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला, त्यात युवराजच्या चेंडूवर इयान बेलला पायचीत मिळाले नाही. पडद्यावर चेंडू यष्ट्यांवर जाताना दिसत होता, पण बेल यष्ट्यांपासून अडीच मीटरहून पुढे होता, आणि तेव्हाच्या नियमाने एवढ्या अंतरावरचा अंदाज पक्का धरायचा नव्हता. धोनी चिडला, अख्खा देश चिडला. मी त्या रात्री घरी एकटाच अंपायर बिली बाउडनची बाजू घेऊन बसलो होतो. त्याच स्पर्धेत मोहालीच्या उपांत्य सामन्यात सईद अजमलच्या चेंडूवर सचिनला पायचीत दिले, त्याने रिव्ह्यू घेतला, चेंडू लेग यष्टीच्या बाहेर जाताना दिसला, निर्णय फिरला आणि त्याने ८५ केल्या. तेव्हा यंत्र कोणालाच खटकले नाही.

आता हे सगळे तुमच्या सड्यावर आणून बघा.

तुमचा भाड्याचा कॅमेरा किंवा चांगला मोबाईल थेट प्रक्षेपणासाठी सेकंदाला ३० चित्रे घेतो असे धरा. ताशी १२० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला ३३ मीटर जातो. म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात चेंडू ११० सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. टप्पा पडल्यापासून पॅडपर्यंत दोन मीटर असतील तर त्या सगळ्या प्रवासाची तुमच्याकडे एक किंवा दोन चित्रे. त्यांतही चेंडू म्हणजे लांबुळका पुसट डाग. टप्पा लेग यष्टीच्या बाहेर की रेषेत, पॅडवर लागला तेव्हा ऑफ यष्टीच्या बाहेर की आत, हे त्या डागावरून सांगणारा माणूस बघत नसतो, ठरवून बसलेला असतो. शिवाय तो कॅमेरा दोन्ही मधल्या यष्ट्यांच्या सरळ रेषेत नसेल, आणि गावच्या मैदानात तो सहसा जरा बाजूच्या मांडवात असतो, तर सरळ चेंडूही तिरका जाताना दिसेल.

यष्टिमागच्या झेलाचे पाहा. पोरं म्हणतात, आवाज तर रेकॉर्ड होतो. होतो, पण कुठे? कॅमेरा सीमारेषेवर, खेळपट्टीपासून ७० मीटरवर. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे कड लागल्याचा आवाज कॅमेऱ्यापाशी सेकंदाच्या पाचव्या भागाइतका उशिरा पोचतो, चित्राच्या हिशेबात सहा चित्रे मागे. चित्रात चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेलेला दिसतो आणि तेव्हा 'टक्' ऐकू येते. ती बॅट पॅडला लागल्याची 'टक्' की चेंडूची, कोण सांगणार? टीव्हीवर हे जमते कारण माइक यष्टीपाशी पुरलेला असतो आणि आवाजाचा आलेख चित्राशी जुळवलेला असतो. तुमच्याकडे ते नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

जमिनीलगतच्या झेलाबाबत तर मोठ्या सामन्यांतही वाद मिटलेला नाही. सपाट चित्रात बोटे आणि गवत एकमेकांत मिसळतात आणि स्वच्छ घेतलेला झेलही संशयास्पद वाटतो. तिसऱ्या अंपायरकडे जाण्याआधी मैदानावरच्या अंपायरने आपला अंदाज दाखवायची प्रथा होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली. म्हणजे इतके कॅमेरे असूनही या प्रश्नावर नियम अजून चाचपडतो आहे.

अर्धे तंत्रज्ञान वापरायची वेळ मोठ्या स्पर्धेवरही आलेली आहे. रणजी करंडकाच्या २०१९-२० च्या हंगामात उपांत्य फेरीपासून मर्यादित डीआरएस ठेवले, त्यात चेंडूचा पुढचा मार्ग काढणारी यंत्रणा नव्हती. जे साधन नाही त्याचे नाटक केले नाही, एवढे त्यातून घ्यावे.

रेषेचे निर्णय मात्र तुमचा कॅमेरा देऊ शकतो. तिथे भविष्य सांगायचे नसते. यष्ट्यांवरची बेल (गिल्ली) उडाली तेव्हा बॅट कुठे होती, एवढेच बघायचे असते. पळणारा फलंदाज सेकंदाला ७ मीटर धावतो असे धरले तर ३० चित्रांच्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये तो २३ सेंटीमीटर पुढे जातो. अर्धी वीत इकडे-तिकडे असेल तर निर्णय लागणार नाही हे मान्य करायचे. पण गावच्या सामन्यात चुकणारे धावबाद वितीचे नसतात, हाताचे असतात. मी स्वतः असा एक हातभर बाहेर असलेला फलंदाज नाबाद दिला आहे, कारण लाल धूळ उडाली आणि क्षेत्ररक्षक माझ्या आणि क्रीजच्या मध्ये आला. ६० चित्रे घेण्याची सोय असेल तर ती नक्की चालू करा, अंतर अर्ध्यावर येईल.

अट एकच, आणि तीच सगळ्यात जास्त मोडली जाते: कॅमेरा क्रीजच्या, म्हणजे धावताना फलंदाजाला गाठावी लागते त्या चुन्याच्या पट्टीच्या, सरळ रेषेत हवा. प्रक्षेपणवाल्यांना तो साइटस्क्रीनच्या, म्हणजे गोलंदाजाच्या पाठीमागच्या पडद्याच्या, बाजूला हवा असतो, कारण तिथून सामना छान दिसतो. पण तिथून धावबाद बघू नका. हिशेब करून दाखवतो. कॅमेरा ३ मीटर उंचीवर आणि पलीकडच्या क्रीजपासून ८० मीटरवर आहे. फलंदाज त्या टोकाला झेपावला आणि बॅटचे टोक जमिनीपासून नुसते ५ सेंटीमीटर वर आहे. त्या कॅमेऱ्यातून ते टोक प्रत्यक्षात आहे त्याच्या मीटरभराहून अधिक पुढच्या जमिनीवर टेकल्यासारखे दिसेल. म्हणजे क्रीजच्या अलीकडे हवेत असलेली बॅट पडद्यावर थेट यष्ट्यांपाशी पोचलेली दिसते. मांडवात बसलेले दोनशे लोक शपथेवर सांगतील की तो आत होता, आणि कोणीही खोटे बोलत नसेल.

हे मी अनुभवावरून सांगतो. एका उपांत्य सामन्यात मी स्क्वेअर लेगला, म्हणजे क्रीजच्या रेषेत बाजूला, होतो, धावबाद दिला, बेल उडाली तेव्हा बॅट हवेत होती हे मी सात-आठ पावलांवरून स्वच्छ पाहिले होते. मांडवातून हाका सुरू झाल्या, "दोळे उगड रे अंपायरा!" मग एक गृहस्थ मोबाईल नाचवत थेट खेळपट्टीपर्यंत आले. "सर, तुम्हीच बघा." मी पाहायला नको होते, पण पाहिले. पडद्यावर बॅट आत होती. माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आणि त्या काचेवर दिसणारे यांत जमीन-अस्मानाचा फरक. मी निर्णय बदलला नाही. सामना २५ मिनिटे थांबला आणि परत घरी जाताना आयोजकांनाच मला गाडीत बसवून आणावे लागले. तो व्हिडिओ कुठून घेतला होता हे मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले: लाँग ऑनच्या, म्हणजे गोलंदाजाच्या पाठीकडच्या सीमारेषेच्या, मागे, एका टेंपोच्या टपावरून. त्यानंतर मी कॅमेऱ्याचे हे गणित नीट मांडून पाहिले.

आता रिव्ह्यू संघांना का देऊ नका, ते. डीआरएस आले ते ढळढळीत चुका पुसायला. प्रत्यक्षात मोजके रिव्ह्यू हातात मिळाले की संघ ते पैशासारखे वापरतात, कधी आशेवर, कधी हतबल होऊन. २०१३ मध्ये ट्रेंट ब्रिजला स्टुअर्ट ब्रॉडची भलीमोठी कड स्लिपमध्ये झेलली गेली, अलीम दार यांनी नाबाद दिले, आणि ऑस्ट्रेलियाकडे रिव्ह्यूच उरला नव्हता. इंग्लंड तो सामना १४ धावांनी जिंकले. २०१९ मध्ये हेडिंग्लेला विजयाला दोन धावा हव्या असताना नेथन लायनने बेन स्टोक्सला पायचीत पकडले होते, जोएल विल्सन यांनी नाबाद दिले. ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू नुकताच जॅक लीचवर फुकट घालवला होता. ज्या चुकांसाठी ही सारी व्यवस्था उभारली त्याच चुका तशाच राहिल्या, कारण त्या पुसायचा हक्क कर्णधाराच्या पाकिटात होता आणि पाकीट रिकामे होते. तिथे निदान खेळाडू रोज याचा सराव करतात. गावच्या स्पर्धेत रिव्ह्यू पहिल्या तीन षटकांत संपतील, तेही मांडवातून कोणी ओरडले म्हणून.

अंपायरला हक्क दिला की हे होत नाही. त्याला शंका आली की तो टीव्हीची खूण म्हणून हवेत चौकोन काढतो, शंका नसेल तर बोट वर किंवा 'नॉट आउट'. किती वेळा विचारायचे याला मर्यादा नको. सुरुवातीला अंपायर जास्त वेळा विचारतील, विचारू द्या.

याहून महत्त्वाची एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आलीच नाही, म्हणून मीच काढतो. तुमच्या स्पर्धेत लेग अंपायर, म्हणजे स्क्वेअर लेगला उभा राहणारा दुसरा अंपायर, कोण असतो? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक अंपायर मानधन देऊन आणतात आणि लेगला फलंदाजी करणाऱ्या संघातला, नुकताच बाद होऊन पॅड सोडलेला मुलगा उभा करतात. धावबाद आणि यष्टिचीत, म्हणजे सगळ्यात जास्त भांडणे होणारे निर्णय, त्या मुलाच्या माथी. त्याने आपल्याच मित्राला बाद द्यायचे. दिले तर संघ बोलत नाही, नाही दिले तर समोरचा संघ अंगावर येतो. १८-१९ वर्षांच्या पोरावर हा अन्याय आहे. १९८६ मध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडीज मालिकेत इम्रान खानच्या आग्रहाने आपले व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर लाहोरला तटस्थ अंपायर म्हणून उभे राहिले, तेव्हापासून जग हळूहळू मानू लागले की अंपायर तिसऱ्याच घरचा हवा. तुमच्याकडे एका कॅमेऱ्याच्या भाड्याचे पैसे असतील आणि दुसऱ्या अंपायरच्या मानधनाचे नसतील, तर एक कॅमेरा कमी करा. दोन्ही जमत असेल तर उत्तम, पण क्रम हाच.

आणि त्या दोघांना सामन्याआधी अर्धा तास एकत्र बसवा. कोण कशाकडे बघणार, कोणाला शंका आली तर खूण काय, हे ठरले की निम्म्या चुका होतच नाहीत. गोलंदाजाच्या टोकाच्या अंपायरला आधी पाय रेषेत पडला का ते बघायचे असते आणि लगेच मान वर करून चेंडू उचलायचा असतो. वेगवान चेंडूला फलंदाजापर्यंत जायला अर्धा सेकंद लागतो. त्यातला काही भाग पायावर गेला. हे ओझे मोठ्या सामन्यांत आता तिसऱ्या अंपायरने घेतले आहे. आयपीएलमध्ये २०१९ साली मलिंगाचा डावातला अखेरचा चेंडू नोबॉल होता आणि तो सुटला, त्यानंतर या गोष्टीला वेग आला. तंत्रज्ञानाने अंपायरवर केलेला सगळ्यात मोठा उपकार मला हाच वाटतो. तुमच्याकडे ते जमणार नाही. पण ज्या पंचाला धावबादाची अर्धी काळजी कॅमेऱ्यावर सोडता आली तो उरलेले लक्ष पायचीतवर देईल.

आता मांडणी. चार कॅमेरे परवडत नसतील तर दोन पुरे: प्रत्येक टोकाच्या पॉपिंग क्रीजसाठी, म्हणजे धावबाद ठरवणाऱ्या वर सांगितलेल्या रेषेसाठी, एक. दोन्ही मैदानाच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे सूर्य पाठीशी घेता येतो आणि दोन्हीकडे बघायला एकच माणूस पुरतो. प्रक्षेपण याच कॅमेऱ्यांतून करायचा मोह होईल, पण हे दोन जागचे हलता कामा नयेत, झूम बदलता कामा नये. प्रक्षेपणासाठी कोणाचा तरी मोबाईल वेगळा लावा. बघणारा माणूस दोन्ही गावांबाहेरचा, शक्यतो अंपायरिंग केलेला, आणि मांडवापासून दूर बसलेला. त्याने तीनदा बघावे, त्यातून स्पष्ट दिसले तर सांगावे. दिसले नाही तर "दिसत नाही" म्हणावे आणि मग मैदानावरच्या अंपायरने स्वतः निर्णय द्यावा. शंका उरली तर फलंदाज नाबाद. बाहेरच्या कोणाचाही मोबाईल पाहिला जाणार नाही, आणि तो घेऊन मैदानात शिरणाऱ्याच्या संघाला पाच धावांचा दंड, हे नियमपत्रिकेत छापून कर्णधारांच्या सह्या घ्या. हा दंड तुमच्या स्पर्धेपुरता राहील, पण तो लागेल.

कॅमेऱ्याची जागा डोळ्याच्या अंदाजाने ठरवू नका. पॉपिंग क्रीज खेळपट्टीच्या दोन्ही बाजूंना थोडीच आखतात, पण कायद्याने ती रेषा अमर्याद लांब मानली जाते. आपण ती खरोखर लांब करायची. सुतळीचे एक बंडल घ्या. एका माणसाने सुतळीचे टोक क्रीजच्या एका कडेला पायाखाली धरावे, दुसऱ्याने क्रीजच्या दुसऱ्या कडेवरून ती ताणत सीमारेषेपलीकडे न्यावी, मधल्या माणसाने सुतळी चुन्याच्या रेषेवर तंतोतंत बसते की नाही ते वाकून बघावे. ती जिथे पोचेल तिथे तिवईचा मध्य. तिवई माणसाच्या उंचीपेक्षा वर नको. मग एका मुलाला बॅट घेऊन क्रीजवर पाठवा. आधी बॅट रेषेच्या दोन बोटे बाहेर टेकवायची, मग दोन बोटे आत, मग रेषेच्या आत पण दोन बोटे हवेत. तिन्ही वेळा चित्रण करा, आणि जो माणूस सामन्यात बघणार आहे त्याला कोणते कोणते ते न सांगता विचारा. तीनपैकी तीन बरोबर आली तर कॅमेरा सामन्याला लायक. एक जरी चुकले तर तिवई हलवा, पुन्हा विचारा.

हे सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, चुना आखून झाल्यावर करावे लागते. सकाळी घाईत जमत नाही. मला दोन दिवस आधी कळवा. सुतळी मी घेऊन येईन, तुम्ही चुना आणि एक मुलगा तयार ठेवा.